काठमांडूत राहून पहिला पासपोर्ट: अर्ज इथून टाकू की गावाकडून?

मूसवाला
५ नोव्हेंबर २०२४, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी विट्याच्या बाजूचा, धंदा गलाईचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: सोनारांकडची मोड वितळवायची, तेजाबात घालून हीण काढायचं आणि चोख करून परत द्यायची. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तिकडं माण-खटाव, या सगळ्या दुष्काळी पट्ट्यातली पोरं या धंद्यापायी केरळपासून काश्मीरपर्यंत पांगलीत. आमचे मामा जरा पुढं सरकले, काठमांडूत भट्टी टाकली. मी नववीतनं शाळा सोडून त्यांच्या हाताखाली आलो, त्याला तेरा वर्षं झाली.

तेरा वर्षांत पासपोर्ट म्हणून काही लागलंच नाही. सीमेवरच्या सुनौलीच्या कमानीखालनं पिशवी घेऊन चालत जायचं, चालत यायचं. कुणी थांबवलं तर मतदान कार्ड. विमानानं दोनदा गेलो, तिथंही मतदान कार्डच चाललं. आता चुलतभाऊ शारजात आहे, त्याच्या ओळखीनं तिथल्या सोनं शुद्ध करायच्या कारखान्यात काम मिळतंय. त्याचा पहिला मेसेज, "पासपोर्ट नंबर धाड." कुठनं धाडू?

२० तारखेला विधानसभेचं मतदान आहे, त्यासाठी पंधरा दिवस गावी चाललोय. तेवढ्यात तिकडंच अर्ज टाकावा, का परत येऊन इथल्या भारतीय दूतावासात टाकावा? इथले लोक दोन्ही बाजूंनी सांगतात आणि दोन्ही बाजूंचे लोक छातीठोक सांगतात. म्हणून इथं विचारतोय.


चहाटळ
५ नोव्हेंबर २०२४, रात्री ११:०२

एवढा काथ्याकूट कशाला? गावच्या पत्त्यावर टाका, "इथंच असतो" म्हणून सांगा, चौकशीला आलेल्याला चहा पाजा. नेपाळात तेरा वर्षं काढली हे काय कपाळावर लिहिलंय?


फाइलबहाद्दर
६ नोव्हेंबर २०२४, सकाळी ७:१५

चहाटळराव, तुमचा सल्ला तुमच्या नावाला साजेसा आहे. पासपोर्ट कायदा १९६७, कलम १२: पासपोर्ट मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाच हजारांचं कुणाला काही वाटत नाही, पण एकदा नाव त्या यादीत गेलं की पुढं प्रत्येक नूतनीकरणाला तीच फाइल उघडते. निवृत्तीपर्यंत फायलींतच होतो, म्हणून अनुभवानं सांगतो.

मूसवाला, आधी एक गैरसमज काढा. तुम्ही नेपाळात राहता यात चोरून-लपून काहीच नाही. ३१ जुलै १९५० चा भारत-नेपाळ करार आहे, त्याच्या सातव्या कलमात एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता घेणं, व्यापार करणं, ये-जा करणं यात बरोबरीच्या सवलती दिल्या आहेत. तेव्हा अर्जात "सध्याचा पत्ता काठमांडू" लिहायला कचरू नका. बऱ्याच जणांना वाटतं की परदेशातला पत्ता दिला तर "पासपोर्टशिवाय तिकडे गेलासच कसा" म्हणून विचारतील. नेपाळ आणि भूतानच्या बाबतीत तो प्रश्नच उद्भवत नाही.

आता मुद्द्याचं. भारताबाहेर राहणाऱ्या भारतीयाला पासपोर्ट देण्याचा अधिकार तिथल्या दूतावासाला असतो. तुमचा लैनचौरला आहे, आणि वीरगंजला महावाणिज्य दूतावास. पण पहिला पासपोर्ट असला की दूतावास तुमच्या माहितीची खातरजमा भारतातून करून घेतो, म्हणजे कागद फिरून तुमच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यावर येतो. त्यामुळं "इथून की तिथून" हा वाद अर्धा फोल आहे. अर्ज कुठूनही टाका, तो गावच्या चावडीवरूनच जाणार.

गावी कायमचे परतणार असाल तर तिकडे टाका. पंधरा दिवसांसाठी जाऊन परत येणार असाल तर दूतावासात टाका. चौकशीच्या वेळी तुम्ही जिथं असणार तोच खरा पत्ता.


कुशीनगर_जनरल
६ नोव्हेंबर २०२४, दुपारी १:३०

मध्यम मार्ग सुचवतो. २०१८ पासून देशातल्या कुठल्याही पासपोर्ट कार्यालयाकडे अर्ज करता येतो, आपल्या राज्यातच हवा असं राहिलेलं नाही. गोरखपूरला सेवा केंद्र आहे. सुनौलीहून सकाळची बस धरली तर दुपारच्या वेळेला पोचता. तत्काळ केलं तर १५०० आणि वर २०००, मिळून साडेतीन हजार, आणि त्यात बहुधा पासपोर्ट आधी येतो, पोलीस नंतर.

(नावावरून कळलं असेलच. गोरखपूर ते लोकमान्य टिळक टर्मिनस, दारात बसून, दिवाळीच्या गर्दीत, तीन वेळा. पाय अजून दुखतात.)


फाइलबहाद्दर
६ नोव्हेंबर २०२४, दुपारी ४:०५

अर्ज गोरखपूरला करता येईल, मान्य. पण चौकशी फॉर्मवर जो पत्ता लिहाल तिथंच होणार, आणि छापलेला पासपोर्ट स्पीडपोस्टनं त्याच पत्त्यावर जाणार. पोस्टमन तो शेजाऱ्याच्या हातात देत नाही. मग मूसवाला परत काठमांडूहून विट्याला जाणार का? गोरखपूरनं फक्त रेल्वेचं एक तिकीट वाचतं.

तत्काळचंही तेच. चौकशी नंतर होते म्हणजे होत नाही असं नाही. तो कागद उलटा आला की जास्त त्रास देतो, कारण पासपोर्ट तुमच्या हातात असतो आणि पोलीस लिहितात "इसम मिळून आला नाही".


पाटणची_पाटणला
६ नोव्हेंबर २०२४, रात्री ९:५०

मूसवाला दादा, मी तुमच्याच गावात आहे की! माहेर पाटण (सातारा), सासर कऱ्हाड आणि आता राहायला पाटण (ललितपूर). नवऱ्याच्या मित्रांना हा विनोद चार वर्षं पुरला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर फाइलकाकांनी दिलंच आहे. मी माझ्या लेकीच्या पहिल्या पासपोर्टची गोष्ट सांगते, कारण इथल्या मराठी घरांत ही चूक सर्रास होते, आणि ती तुमच्या पासपोर्टपेक्षा महागात पडते.

लेक इथंच झाली, ललितपूरला. आईबाप दोघं भारतीय, म्हणजे पोर आपोआप भारतीय, असं आम्ही धरून चाललो होतो. सासूबाईंचं म्हणणं, "जावळ काढायला गावी याल तेव्हा तिकडंच काढू कागदं." जावळ दीड वर्षाची झाल्यावर. बरं, सीमेवर तान्ह्या पोराला कोण काय विचारतंय? एकदा कडेवर घेऊन रक्सौलला जाऊन आलेसुद्धा, कुणी मान वर करून पाहिलं नाही.

मग भिशीत एका बाईनं सहज विचारलं, "नोंद केलीस का दूतावासात?" आणि माझे डोळे उघडले. ३ डिसेंबर २००४ नंतर भारताबाहेर जन्मलेलं मूल नुसतं आईबाप भारतीय आहेत म्हणून नागरिक ठरत नाही. जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात त्याची नोंद करावी लागते आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ४. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते. आधी ही नोंद, मग पासपोर्ट.

आता गंमत ऐका. दवाखान्यातून मिळालेल्या चिठ्ठीवर तारीख विक्रम संवतात. इथं सगळंच तसं असतं, दुधाच्या पिशवीवरसुद्धा. २०८० साल, पुस महिना, म्हणजे आपला पौष, पण यांचा सौर. मी हुशारी केली: संवतातनं ५७ वजा केले की इसवी सन, म्हणजे २०२३. फॉर्म भरला. खिडकीवरच्या माणसानं एकदा चिठ्ठीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. म्हणाला, "पुस के बीच में साल बदलता है, दीदी." अर्धा पुस डिसेंबरात आणि अर्धा जानेवारीत येतो! लेक पुसच्या विसाव्या दिवशीची, म्हणजे जानेवारी २०२४ ची. ५६ वजा करायचे होते. पोटच्या पोरीचा वाढदिवस मला बाहेरच्या माणसानं शिकवला.

चिठ्ठीवर थांबू नका. वडा कार्यालयातून (म्हणजे इथलं वॉर्ड ऑफिस) जन्मदर्ता, म्हणजे जन्माची नोंद, करून घ्या, ३५ दिवसांच्या आत, आणि त्यावर दोन्ही तारखा आहेत ना ते खिडकी सोडायच्या आधी बघा. यांचे काही महिने बत्तीस दिवसांचे असतात, तेव्हा बोटांवर मोजत बसू नका.


चहाटळ
६ नोव्हेंबर २०२४, रात्री १०:११

बत्तीस तारखेला पगार होतो का तिकडं? 😄
(वरचा सल्ला मागे घेतो, फाइलकाका. दोन वर्षं जास्तच आहेत.)


भूतानी_टोपी
७ नोव्हेंबर २०२४, सकाळी ११:२०

भूतानची बाजू थोडक्यात. मी जलविद्युत प्रकल्पावर होतो, मतदान कार्डावर गेलो आणि तिथंच पासपोर्ट काढला, थिंफूच्या दूतावासातून. अनुभव साधारण तोच, सगळा वेळ गावाकडच्या चौकशीत गेला. फरक एवढाच की भूतानात कामाला जायचं तर त्यांचा परवाना लागतो, त्यामुळं राहण्याचा पुरावा आयता हातात होता. नेपाळात तसा परवानाच नाही, तेव्हा तुम्ही तिथं राहता हे दाखवायचं कशानं? भाडेकरार, दुकानाची नोंदणी, वडा कार्यालयाची सिफारिस (शिफारसपत्र), जे असेल ते गोळा करा.

अवांतर: विमानानं नेपाळ-भूतानला जाताना आधार दाखवून चालत नाही, बरेच जण विमानतळावरून परत येतात. आधार ही ओळख आहे, नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. पंधराच्या आतली मुलं आणि पासष्टच्या पुढचे लोक यांनाच त्यात सूट.


मूसवाला
७ नोव्हेंबर २०२४, रात्री ११:३०

सगळ्यांचे आभार. ठरलं: अर्ज इथूनच, दूतावासात. गावी जाऊन कागदं तेवढी नीट करून येतो. पाटणच्या ताई, तुमची गोष्ट आमच्या आळीत वाचून दाखवली. दोन घरांत एकदम शांतता पसरली. एकाचं पोरगं दहा महिन्यांचं आहे, तो उद्याच जातोय. दुसऱ्याचं तीन वर्षांचं.


शिवारातला
९ नोव्हेंबर २०२४, दुपारी २:००

गावी जाताय तर माझं ऐका. वडील पोलीस पाटील आहेत, पासपोर्टच्या चौकशा लहानपणापासून ओसरीवर बघतोय.

बीटाचा हवालदार आधी फोन करतो. अर्जातला नंबर नेपाळचा असला तर तो लावत नाही, सरळ आहे, स्वतःच्या खिशातनं आंतरराष्ट्रीय कॉल कोण करेल? म्हणून फॉर्ममध्ये गावच्या भावाचा किंवा वडिलांचा नंबर जिथं देता येतो तिथं द्या. मग दोन शेजाऱ्यांचे जबाब. शेजारी म्हणजे भाऊबंद नकोत, परकी माणसं पाहिजेत. त्यांनी काय सांगायचं तर खरं तेच: "हा अमक्याचा मुलगा, जन्म इथला, घर इथं, धंद्यासाठी नेपाळला असतो, वर्षातनं एकदा येतो." हे चार शब्द जबाबात आले की काम झालं. पण बहुतेक वेळा शेजारी घाबरून "हितं नसतो तो" एवढंच बोलतो आणि हवालदार तेवढंच लिहितो.

आणि मतदानाच्या आधी कुणी तुमच्या फायलीला हात लावणार नाही. सगळं ठाणं बंदोबस्तात असतं. निकाल २३ ला, त्यानंतर आठ दिवस मिरवणुका. अर्ज डिसेंबरात टाका.


मूसवाला
२७ नोव्हेंबर २०२४, रात्री ९:१५

गावाहून लिहितोय. मत देऊन झालं, बोटाची शाई अजून आहे. बोटावरनं आठवलं.

माझ्या आधारवर वडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एका अक्षरानं चुकलंय. शाळेचा दाखला आणि मतदान कार्ड सारखी आहेत, आधारच वेगळं. म्हणून तालुक्याला आधार केंद्रात गेलो. तिथली पोरगी म्हणाली, बोटं ठेवा. ठेवली. लाल दिवा. पुसून ठेवली. लाल. तिनं ओल्या फडक्यानं पुसायला लावली, मग अंगठा तिनं स्वतः दाबून धरला. लालच. शेवटी माझा तळहात उलटा करून बघितला आणि विचारलं, "काय करता तुम्ही?"

तेरा वर्षं तेजाबात सोनं टाकतोय, हातमोजे कधी असतात कधी नसतात. बोटांची शेवटची पेरं गुळगुळीत झालीत, काचेच्या पेल्यासारखी. माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. रेषा नाहीतच. ती म्हणाली घाबरू नका, डोळ्यांवर घेऊ. बुबुळांवर झालं एकदाचं. गलाईवाल्यांनो, बोटं लागली नाहीत तर परत फिरू नका, डोळ्यांचं विचारा.

दुसरं, जन्मतारीख. दाखल्यावर १ जून. माझ्या वर्गात अठरा पोरं १ जूनची होती, गुरुजींनी दाखल करताना जी घातली ती. आधारवर पण तीच. आई म्हणते, "तू श्रावणातला, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीचा, ती तारीख लिही." काय करू?


फाइलबहाद्दर
२८ नोव्हेंबर २०२४, सकाळी ६:५०

आईंना नमस्कार सांगा आणि नागपंचमीला पुरणाची दिंडं खा. अर्जात १ जून. सगळी कागदं एक बोलत असताना त्यात वेगळा सूर लावायचा नाही. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते, ती संधी उगाच जाळू नका.

आणखी एक. फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना वेगळा आहे. आपली पद्धत स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. यातलं वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात जात नाही, स्वतःच्या नावापुढं, त्याच रकान्यात जातं. मराठी माणसाचे निम्मे पासपोर्ट इथं बिघडतात, आणि मग विमानाच्या तिकिटावर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं.


पाटणची_पाटणला
२८ नोव्हेंबर २०२४, सकाळी १०:३०

वहिनींचा पण काढणार असाल तर त्यांना सांगा, लग्नानंतर नाव बदललेलं नसलं तरी अडत नाही. विवाह नोंदणीचा दाखलाही डिसेंबर २०१६ पासून मागत नाहीत. आमच्या ह्यांनी त्या दाखल्यासाठी कऱ्हाडला दोन फेऱ्या मारल्या होत्या, उगाच.


मूसवाला
१६ डिसेंबर २०२४, संध्याकाळी ६:२०

अर्ज दिला. फॉर्म ऑनलाइन भरला, प्रत काढून नेली. सकाळी लवकर जाऊन उभा राहिलो, रांगेत बिहार-उत्तर प्रदेशचे लोक जास्त, एक जण इचलकरंजीचा निघाला. कागदं सगळी मूळ आणि वर झेरॉक्स. राहण्याचा पुरावा म्हणून भाडेकरार आणि मामांच्या दुकानाचं पत्र दिलं. खिडकीवर फक्त एक प्रश्न, "पहिला? आजपर्यंत एकही नाही?" नाही म्हटलं. "मग गावाकडे घरच्यांना सांगून ठेवा." म्हणजे फाइलबहाद्दर म्हणाले तेच.


मूसवाला
३० जानेवारी २०२५, रात्री ८:४५

मंडळी, घोटाळा झाला. अहवाल उलटा गेला: "अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही."

भाऊ त्या दिवशी कारखान्याला ऊस घेऊन गेलेला. फोन लागला नाही. हवालदार आला तेव्हा घरात एकटी आजी. तिला विचारलं, "नातू कुठाय?" ती म्हणाली, "त्यो हितं कुठाय, त्यो तिकडं नेपाळात." खरं तेच बोलली बिचारी. शेजाऱ्यांकडं कुणी गेलंच नाही.

मी खोटं लिहिलं नाही, आजी खोटं बोलली नाही, हवालदारानं पण खोटं लिहिलं नाही. तिघं खरं बोललो आणि काम अडलं.


शिवारातला
३० जानेवारी २०२५, रात्री ९:३०

आजीला काही बोलू नका. हे दर चारातल्या एकाला होतं, म्हणजे आमच्या ओसरीवरचा हिशेब, सरकारी नव्हे. भावाला ठाण्यात पाठवा, पासपोर्टचं काम बघणाऱ्या अंमलदाराकडं. हातात तीन गोष्टी: तुमच्या अर्जाची पोच, घराचा उतारा, आणि दोन शेजारी. शेजारी प्रत्यक्ष. त्यांचे जबाब तिथंच होऊ देत.


फाइलबहाद्दर
३१ जानेवारी २०२५, सकाळी ७:००

याला नकार समजू नका, हा अपुरा अहवाल आहे. दूतावासाला साधा अर्ज लिहा: सध्याचा पत्ता काठमांडू, कायमचा पत्ता गावचा, हे मूळ अर्जातच नमूद आहे, गावी राहत नसल्याचा शेरा त्यामुळं माझ्या माहितीच्या विरुद्ध नाही, कृपया फेरचौकशी व्हावी. पाच ओळींत संपवा. राग, अन्याय, तेरा वर्षांची सेवा वगैरे काही नको. फाइल क्रमांक वर ठळक. नव्यानं दुसरा अर्ज मात्र टाकू नका, पहिला लोंबकळत असताना दुसरा टाकला की दोन्ही अडकतात.


पाटणची_पाटणला
५ मार्च २०२५, दुपारी १२:१०

धागा वर काढतेय, नवीन माहिती आहे. फेब्रुवारीच्या शेवटी पासपोर्ट नियमांत बदल झाला. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्म दाखला चालणार. आधीच्यांना शाळेचा दाखला, पॅन वगैरे पूर्वीसारखंच. म्हणजे १ जूनवाल्यांची ही शेवटची पिढी. माझी लेक नव्या नियमात बसते, पण तिचं काम आधीच झालं. पासपोर्टवरच्या फोटोत ती माझ्या सासूबाईंसारखी दिसते, हे सासूबाईंनीच सांगितलं.

मूसवाला दादा, तुमचं काय झालं?


मूसवाला
२१ मार्च २०२५, रात्री १०:०५

मिळाला!! काल हातात आला. भाऊ आणि दोन शेजारी ठाण्यात गेले, पाच ओळींचा अर्ज मी इथं दिला, त्यानंतर साधारण पाच-सहा आठवडे लागले. दुकानात आणल्यावर मामांनी आधी हात धुतले, मग उघडला. भट्टी पेटलेली होती म्हणून मला म्हणाले, "लांब धर, लांब."

पण आत ईसीआर छापलंय. चुलतभाऊ म्हणतो हे वाईट असतं. खरं काय?


मंगळवेढ्याचा_शारजाकर
२२ मार्च २०२५, सकाळी ११:४०

अभिनंदन भाऊ. वाईट-बिईट काही नाही, घाबरवलंय तुम्हाला. ईसीआर म्हणजे "एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड", दहावी पास नसलं की येतो. अर्थ एवढाच: ठरावीक अठरा देशांत कामासाठी जाताना भारत सरकारची परवानगी घ्यायची. त्यात अमिराती, सौदी, कुवेत, कतार, ओमान, बहरीन आहेत, मलेशियाही आहे. नेपाळ नाही. फिरायला जायला ही अट नाही, कामाला आहे.

ही परवानगी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून होते. त्यात कंपनीचा करार तपासला जातो, विमा काढावा लागतो, दहा लाखांचा. तुमच्यासारख्यांना तर हे चांगलंच आहे. मी आलो तेव्हा करारावर एक पगार होता आणि इथं उतरल्यावर दुसरा. माझा पासपोर्ट ईसीआर नव्हता, त्यामुळं माझा करार जाण्याआधी कुणी वाचलाच नाही. कोण एजंट "फिरायच्या व्हिसावर चल, तिकडं बदलून देतो" म्हणाला तर त्याला तुमच्या तेजाबाची बाटली दाखवा.

आणि काठमांडूहून थेट उडू नका. नेपाळातून तिसऱ्या देशात जाणाऱ्या भारतीयांकडं दूतावासाचं ना-हरकत पत्र मागायची पद्धत आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये भारतातून थेट विमानं बंद होती तेव्हा लोक काठमांडूमार्गे आखातात निघाले. त्या वेळी हे पत्र काही काळासाठी माफ केलं होतं, आणि महिना संपायच्या आत नेपाळनं तो मार्गच बंद केला. माझा रूममेट थामेलच्या लॉजवर अडकून पडला होता. तुम्ही सरळ मुंबईहून या.


फाइलबहाद्दर
२२ मार्च २०२५, दुपारी ३:१५

पुढं कधी ईसीआर काढायचा असेल तर दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसा. पास झालात की पासपोर्ट बदलून घेता येतो. आयकर भरणाऱ्यालाही सूट आहे, वयाची पन्नाशी उलटली की तशीही. पण माझं ऐकाल तर दहावी करा. तुमचं लिहिणं बघता भाषेत अडचण येऊ नये.


मूसवाला
२२ मार्च २०२५, रात्री ११:२०

गणितात होती अडचण, काका. टंचाचा, म्हणजे सोन्याच्या चोखपणाचा, हिशेब मात्र तोंडी करतो.


आटपाडीचं_पाखरू
२४ मार्च २०२५, सकाळी ९:०५

सगळा धागा एका बैठकीत वाचला. मी पोखऱ्यात, चांदीच्या कामात. माझंही पासपोर्टचं बघायचंय, तर दादा, सुरुवात कशापासून करू? दाखल्यावर माझं नाव वेगळं आहे बहुतेक, आजोळच्या शाळेत मामाचं आडनाव लावलेलं. फोटो काढून टाकू का इथं?


मूसवाला
२४ मार्च २०२५, सकाळी ९:३०

इथं नको बाबा, सगळं जग बघतंय. व्यनि (खाजगी निरोप) कर. आणि आडनाव "बहुतेक" वेगळं म्हणजे काय? आधी दाखला पेटीतनं काढ, उजेडात धर आणि अक्षर-अक्षर वाच. मग शाळा कुठली ते सांग. आजोळ आटपाडीचंच असेल तर शिवारातला भाऊ तिकडचेच आहेत, त्यांना विचारतो.